टोळीतून आधी उठला तो

रविवार, २१ सप्टेंबर २०२५

आदिनाथ,

आशीर्वाद-बिशीर्वाद राहू दे बाजूला. फाडून फेकायचं असंल तर आत्ताच फाड, म्हणजे पुढचं लिहायची माही मेहनत तरी वाचंल. पण तू फाडणार न्हाईस, मला ठाऊक हाय. आक्कानं सहा वर्षांनी काय लिहिलं ते बघितल्याबिगर तुला चैन पडायचं न्हाई.

समन्स पोचलं का? शिपाई आधी इथं आल्ता, गावच्या पत्त्यावर. म्हणे आदिनाथ कुठं राहतो. मीच चाकणचा पत्ता लिहून दिला, खोली नंबरासकट. तू म्हणशील, सख्ख्या बहिणीनं धरून दिलं. म्हण. सोळा ऑक्टोबरला भोकरदनच्या कोर्टात तुही साक्ष हाय, आपल्या संपतकाकाच्या भूषणच्या विरोधात. सरकारी वकिलाकडं दुसरं हाय काय? तुहा जबाब आन् तो एक नकाशा. तेवढ्यावर सहा वर्षं ते पोरगं तारखा करून राह्यलं.

फोन का न्हाई केला म्हणशील. एक तर तू माहा नंबर बंद करून ठेवलाय. दुसरं असं, की फोनवर नाव घ्यायची मला अजून भीती वाटती. हसू नको! ही सवय तूच लावली. संपतकाकाच्या घरी पिक्चर बघताना तूच बोंबलायचा, "अरे येड्या, फोन नको करू, पोलीस ऐकून राह्यले!" बेचाळीस वर्षांची बाई झाले, बत्तीस बायांची मुकादम झाले, तरी फोन कानाला लावला की वाटतं कुणीतरी ऐकतंय.

सरळच सांगते. सोळा तारखेला ये आन् खरं बोल. कंपनीच्या कपाटातली ती बियाची पुडी भूषणनं चोरली न्हाई. चोरली तू आन् मी. तू त्याचं नाव घेतलंस, कारण तुह्या डोक्यात बसलं की त्यानंच कंपनीला खबर दिली. तर ऐक. त्यानं खबर दिली न्हाई. बिलकुल न्हाई. मला कसं ठाऊक ते विचारू नको, पण पक्कं ठाऊक हाय.

त्याचं नाव शिक्षकांच्या यादीत आलंय. माह्या अक्षतानं मोबाईलवर दाखवलं, अख्खं नाव छापलेलं, बुद्धभूषण संपत म्हणून. पण पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पाहिजे, आन् केस चालू असताना तो कोण देणार? वयाची अट पुढच्या साली संपती त्याची. म्हणजे ही शेवटची गाडी हाय.

हे एवढं लिहायला मी चारदा उठले. एकदा अंगण झाडलं, झाडलेलंच होतं. एकदा शेडनेटचं दार लावलं का बघून आले. ह्या साली पावसानं जाळी लई ठिकाणी फाटली, पण आज ती बघायला गेल्ते असं काही न्हाई. बसवत न्हाई, एवढंच.

आक्का


रविवार, २८ सप्टेंबर २०२५

आदिनाथ,

तुहा मेसेज अक्षताच्या मोबाईलवर आला. "आक्काला विचार, पुरावा काय हाय." पाच शब्द. सहा वर्षांनी पाच शब्द! पोरीनं मला वाचून दाखवला आन् विचारलं, मामा कशाचा पुरावा मागतो? मी म्हणलं, शेताच्या बांधाचा. आता लेकीशी पण खोटं बोलू राह्यले.

पुरावा देते, पण माह्या पद्धतीनं. आधी तुला आठवण करून देते, कारण तू विसरला न्हाईस पण विसरल्यासारखं करतो.

संपतकाकाकडं टीव्ही आन् व्हीसीआर आला तेव्हा तू सात वर्षांचा होता. काका दिवसभर विटा वाहायचा आन् रविवारी दुपारी पिक्चर लावायचा. त्याला मारामारीचे न्हाई, गाण्याचे न्हाई, दरोड्याचेच पिक्चर पाहिजेत. इंग्रजी असला तरी चालायचा. कोण काय बोललं ते काका स्वतःच सांगायचा, आन् मला वाटतं निम्मं त्याच्या मनाचंच असायचं. टेबलाभोवती पाचसहा जण, मधात नकाशा, वर लोंबतेला बल्ब, एवढं आलं की काका पिक्चर थांबवायचा. सगळ्या पोरांकडं बघायचा. "बोला! हे कुठं फसणार?" आन् आपण सगळे ओरडायचो. कुणी म्हणायचं गाडी बंद पडंल, कुणी म्हणायचं कुत्रं भुंकंल. भूषण शेवटी बोलायचा, हळू. आन् त्याचं बराबर निघायचं.

घरी येताना मंग आपली वेगळीच चोरी. आई विचारायची, कुठं गेल्ता. आपण म्हणायचो, नदीवर. बौद्धवाड्यात गेल्तो म्हणलं की आई दारातच अंगावर तांब्या ओतायची. नदीवर गेल्तो म्हणलं की ओतायची न्हाई. काकाच्या घरचा चहा पिऊन, कौसल्याकाकूच्या हातचे मुरमुरे खाऊन आपण दारात खोटं बोलायचो. हे मी आधी कधी कुणाला सांगितलं न्हाई. तू पण न्हाई.

मला ते पिक्चर का आवडायचे, सांगू? चोरीसाठी न्हाई. त्या टोळीत प्रत्येकाचं एक काम असतं. एक कुलूपवाला, एक गाडीवाला, एक नुसता उभा राहून घड्याळ बघणारा. पण तो घड्याळवाला नसंल तर सगळं बोंबलतं. माणूस मोजलेला असतो त्यात. मला कुणी मोजलं? नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा आई म्हणाली, एक ताट वाढलं. बस, तेवढंच.

आन् मंग दोन हजार एकोणीसच्या दसऱ्यानंतर तू आलास. कंपनीच्या शेडनेटवर तू राधेश्याम सुपरवायझरच्या हाताखाली, मी क्रॉसिंगच्या, म्हणजे मादीच्या कळीला नराचा पराग लावणाऱ्या बायांवर. तू म्हणालास, "आक्का, मादीची रोपं आपल्या रानात, मेहनत आपली. पण नराचं बी कपाटात. नर ज्याच्याकडं, अख्खं वाण त्याच्याकडं." आन् मंग म्हणालास, "पुडी उघडून जशीच्या तशी परत बांधायला तुह्यासारखा हात जिल्ह्यात न्हाई." झालं! मी विरघळले. मिरचीच्या कळीतले तुरे चिमट्यानं काढते मी, कळीला कळत सुद्धा न्हाई, आन् हे कुणी बोलून दाखवलं ते पंधरा वर्षांत पहिल्यांदा. लालूच होती थोडी, न्हाई कशाला म्हणू. पण हौसच जास्त होती.

भूषणनं नकाशा काढला. हौसेनंच. दोन दारांत किती पावलं, कपाट कुठं, बाया जेवायला कोणत्या लिंबाखाली बसतात, सगळं. तू कपाटाच्या किल्लीचा साबणावर ठसा घेतलास आन् धावड्याच्या बाजारातून दुसरी किल्ली करून आणलीस. अरे, मूळ किल्ली तर दाराशेजारी खिळ्याला टांगलेली असायची! दिवसभर! कुणीही काढावी. मी म्हणलं तर तू चिडला. "खिळ्यावरून घेतली तर त्यात काय राह्यलं?" म्हणे. त्या फुकटच्या किल्लीचा खर्चा पण मीच दिला.

आन् भूषण उठला. दोन दिवस आधी, काकाच्याच घरी. चहाचा कप अर्धा ठेवून म्हणाला, "मी न्हाई. पिक्चरमध्ये पकडले तर सगळे पकडले जातात. इथं पकडलं तर आधी माहं नाव घेतील. तुमचं घेणार न्हाईत." तू म्हणालास, भित्रा हाय.

काकाचा तो नियम तुला पाठच होता. टोळीतून जो आधी उठला, त्याच्यावर नजर ठेवा. पिक्चर थांबवून थांबवून त्यानं आपल्या डोक्यात घातला होता. काकाला काय ठाऊक, तो त्याच्याच पोरावर येऊन बसंल.

पुरावा पुढच्या पत्रात. आज हात चालत न्हाई.

आक्का


रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

आदिनाथ,

दसऱ्याला कौसल्याकाकू वस्तीतल्या बायांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली. काल परत कामावर हजर. पांढरी साडी सुद्धा धुवून वाळत घातली न्हाई अजून, म्हणाली. भूषणची आई माह्याच रांगेत काम करती, तुला ठाऊक नसंल. सहा वर्षं. बासष्ट वय झालं, डोळ्यांना कमी दिसतं, मंग सुईत दोरा मी ओवून देते तिला फाटकी जाळी शिवायला. ती म्हणती, "बरं झालं गं, तू हायेस." आन् मी खाली मान घालते.

तर आता ऐक.

क्रॉसिंग झालेल्या कळीला आपण दोरा बांधतो, हे तुला सांगायला नको. प्रत्येक बाईचा दोरा वेगळा. कुणाची क्रॉसिंग कच्ची निघाली ते कळावं म्हणून. काकूचा पिवळा. माहा मोरपंखी. पहिल्या दिवसापासून मोरपंखी, मुकादम झाले तरी बदलला न्हाई.

त्या दुपारी तू दारात उभा होतास, घड्याळ बघत. बाया लिंबाखाली जेवत होत्या. मी पुडी उघडली, आतलं बी पदरात ओतलं, आपल्या गावठी मिरचीचं बी भरलं. तोंड बांधायचा कंपनीचा पांढरा सुतळीचा तुकडा होता, तो माह्या हातात तुटला. तू म्हणालास, "आक्का, जल्दी!" मी बांधलं. कशानं बांधलं ते मी बघितलंच न्हाई. पंधरा वर्षं दिवसाला हजार गाठी मारतो हा हात. कमरेच्या पिशवीत दोरा असतो, तो ओढायचा, गाठ मारायची, दातानं तोडायचा. हातानं त्याचं काम केलं.

कळलं का आता? मी कंपनीच्या पुडीला माहा मोरपंखी दोरा बांधून ठेवला. स्वतःच्या नावाची पाटीच लावून आले म्हण ना.

तिसऱ्या दिवशी राधेश्यामनं कपाट उघडलं आन् त्याला दोरा दिसला. कुणी खबर दिली न्हाई रे. खबर द्यायला कुणी लागलंच न्हाई. तो पुडी घेऊन सगळ्यात आधी माह्याकडंच आला, कारण त्याचा माह्यावर विश्वास. "बाई, हा कुणाचा दोरा हाय बघा बरं, मला रंग समजंना, हिरवा म्हणू का निळा." मी पुडी हातात घेतली. उजेडात बघते म्हणून पाठ फिरवली. दोरा दातानं तोडला आन् गिळून टाकला.

हो. गिळला. घशात अडकला, डोळ्यांत पाणी आलं. राधेश्यामनं विचारलं, काय झालं? मी म्हणलं, मिरचीचा ठसका. पुडी परत दिली आन् म्हणाले, दोरा खाली पडला वाटतं. तो बिचारा गुडघ्यावर बसून मातीत शोधत बसला. मी पण त्याच्यासोबत शोधला.

त्याच दिवशी त्यानं तुला बोलावलं, किल्ली तुह्या ताब्यात म्हणून. आन् तू खिशातून भूषणच्या हातचा नकाशा काढून त्याच्यापुढं ठेवलास. "मी ह्याला कपाटापाशी बघितलं."

अकरा दिवस कोठडीत होता भूषण. सुटून आला तेव्हा गावात एकानंही विचारलं न्हाई की बाबा, तू केलंस का. सगळ्यांना ठाऊकच होतं जणू. त्याचं नाव इतक्या सहज का बसलं लोकांच्या तोंडात, ते तुला पण कळतं आन् मला पण. आपलं आडनाव असतं तर चार जणं आडवे आले असते. काकानं त्या दिवसापासून टीव्हीवर चादर टाकली. वर्ष-दोन वर्षांत गेला. तू मातीला आला न्हाईस. मी गेल्ते, लांब उभी होते.

आन् ज्याच्यासाठी केलं ते बी? मी मागच्या अंगणात एका फुटक्या घमेल्यात लावलं. सहा झाडं आली. मिरच्या आल्या बोटाच्या पेराएवढ्या, वाकड्या, फिक्या. नुसता नर म्हणजे काय असतो ते तेव्हा कळलं. ठेचा केला तर तिखट पण न्हाई. म्हशीनं सुद्धा तोंड फिरवलं.

हा पुरावा. बस झाला?

आक्का


शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

आदिनाथ,

तुहं पत्र आलं. स्वतःच्या हातानं लिहिलंस, अक्षर अजून तसंच, सगळं उजवीकडं पडलेलं. वाचताना मला रडू आलं आन् मंग राग आला, आन् मंग परत रडू.

तू लिहितोस, "आक्का, तू गप राहा. दोऱ्याचं कुणाला बोलू नको. मी कोर्टात म्हणतो मला काही आठवत न्हाई. लई दिवस झाले म्हणतो. माही साक्ष पडली की केस पडली. भूषण सुटला, मी सुटलो, तू सुटली. सगळेच सुटतात. असा एक पण पिक्चर नव्हता काकाकडं."

खरं सांगू? वाचून माहा जीव हलका झाला. दोन दिवस मी गाणं म्हणत कामं केली. बाया म्हणाल्या, आज मुकादमबाईला काय झालंय? मी मनातल्या मनात कोर्टाचा नकाशा काढून राह्यले. तू कुठल्या दारानं येशील, वकील काय विचारंल, तू कसं डोकं खाजवशील. कुठं फसू शकतं, ते शोधत बसले. कुठंच फसत न्हाई. सोप्पं हाय. कुणाचं काही जात न्हाई. अक्षताची दहावी हाय, बोर्डाला चार महिने राह्यले, पोरगी अभ्यासाला बसलेली असती आन् मी तिच्याकडं बघून म्हणते, देवा, एवढं होऊन जाऊ दे. मुकादमकी गेली तर तिला कॉलेजला कशी धाडू? कंपनी चोरट्या बाईला बत्तीस बाया सांभाळायला देणार हाय का?

मंग कालपासून परत बसवंना. उठते, बसते. चूल पेटवते आन् कशाला पेटवली ते आठवत न्हाई. दाळीत दोनदा मीठ टाकलं. अक्षता म्हणाली, आई, तुला बरं न्हाई का?

एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली न्हाई. लिहिली होती, मंग ते पान काढून टाकलं. ज्या दिवशी पुडी सापडली त्या दिवशी, राधेश्यामनं बोलवायच्या आधी, तू धावत माह्याकडं आल्तास. पांढरा फटक पडला होतास. "कुणी खबर दिली गं?" म्हणालास. दोरा माह्या पोटात होता. मी म्हणलं, काय माहीत. मंग तू म्हणालास, "भूषण उठला होता. त्यानंच दिली असंल, न्हाई का?"

तू मला विचारलं होतंस, आदिनाथ. तुला खात्री नव्हती. तू माह्या तोंडाकडं बघत होतास, लहानपणी बघायचा तसा. मी न्हाई म्हणले असते तर तू गेलाच नसतास नकाशा घेऊन.

मी म्हणाले, "असंल."

एवढंच म्हणाले. सहा वर्षं मी सगळा दोष तुह्या माथी ठेवला, तू नकाशा दिलास म्हणून. आन् त्यावरूनच तू माह्याशी बोलणं तोडलंस, तर तुला तरी कुठं ठाऊक होतं की तू माह्या एका शब्दावर चालला होतास.

तर मी म्हणते तसं कर, न्हाई तर तू म्हणतो तसं कर. मला आता काहीच समजून न्हाई राह्यलं. पण सोळाला ये. एवढं तरी कर. न आलास तर ते वॉरंट काढतील.

आक्का


शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

आदिनाथ,

तू आलास. दाढी पांढरी व्हायला लागली तुही. मी मागच्या बाकावर होते, तू बघितलंस आन् नजर काढून घेतलीस. शर्ट नवा होता, घडीच्या रेघा दिसत होत्या.

"मला आठवत न्हाई, साहेब." सात वेळा म्हणालास. मी मोजलं. नकाशा दाखवला, आठवत न्हाई. सही दाखवली, सही माहीच हाय पण काय लिहिलं होतं आठवत न्हाई. सरकारी वकिलानं कागद आपटले, म्हणाला हा साक्षीदार उलटला. न्यायाधीशबाईंनी सगळं लिहून घेतलं. मंग निकालाची तारीख दिवाळीनंतरची दिली. तू बाजूच्या दारानं गेलास. मी पळत आले तोवर रिक्षात बसला होतास. आवाज दिला. ऐकलास तू, मला ठाऊक हाय. मान हलली होती तुही.

फसलं न्हाई कुठंच. सगळं बराबर झालं.

भूषण पायऱ्यांवर उभा होता, वकिलाशी बोलत. वकील हसत होता, "सुटल्यात जमा समजा, पुराव्याअभावी" म्हणून. भूषण हसत नव्हता. मला बघून म्हणाला, "काय बाई, भाऊ भेटला का?" बाई म्हणाला. लहानपणापासून आक्का म्हणायचा मला, वस्तीतली सगळी पोरं ऐकून म्हणायला लागली होती.

मी त्याला तिथंच सांगितलं. दोरा, गिळला ते, "असंल" म्हणलं ते, सगळं. लोक जात-येत होते, चहावाला पेले उचलून राह्यला होता. मला वाटलं तो ओरडंल. मारलं असतं तरी मी काही म्हणले नसते. तो ऐकत राह्यला. वकिलाच्या तोंडचं हसू गेलं.

मंग भूषण म्हणाला, "हे मला कशाला सांगता? मी चोरी केली न्हाई आन् खबर दिली न्हाई, हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा." आन् म्हणाला, "पुराव्याअभावी सुटला म्हणजे काय, तुम्हाला कळतं का? म्हणजे केलं होतं पण सापडलं न्हाई. शाळेत मी फळ्यापुढं उभा राह्यलो की पोरांचे आईबाप तेच म्हणणार. जन्मभर. माहा बाप ते ऐकतच मेला."

मी म्हणलं, भूषण, माही लेक दहावीला हाय. तो म्हणाला, "माही दुसरीला हाय. तिला वर्गात विचारतात, तुहा पप्पा काय चोरतो."

येताना बसमध्ये मी उभीच होते. जागा होती, तरी बसले न्हाई.

आज दुपारी बाया लिंबाखाली जेवायला बसल्या. बत्तीसच्या बत्तीस. काकूची ओवायला घेतलेली सुई हातात तशीच धरून मी उभी राह्यले आन् सांगितलं. कुणाचा घास हातात, कुणाचा तोंडात, एकीनं पण गिळला न्हाई. सगळ्याजणी कौसल्याकाकूकडं बघू लागल्या. काकूनं भाकरीचा उरलेला तुकडा संपवला. तांब्यानं हात धुतले. मंग माह्याकडं आली, मला वाटलं काहीतरी बोलंल. तिनं माह्या हातातून स्वतःची सुई काढून घेतली आन् जाऊन दुसऱ्या रांगेला लागली. संध्याकाळपर्यंत तिनं स्वतःच ओवायचा प्रयत्न केला. न्हाई जमलं तिला, पण मला हाक मारली न्हाई.

सांजंला राधेश्यामचा फोन आला. सोमवारपासून येऊ नका म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो बिचारा हबकला होता. मातीत मी पण दोरा शोधला होता ना त्याच्यासोबत.

मंग मी अक्षताला जवळ बसवून सांगितलं. तिनं एकच विचारलं, "म्हणजे मामानं पण?" मी म्हणलं, हो, मामानं पण. ती उठून पुस्तक घेऊन बसली. पान उलटत नव्हती.

आता तुहं. मी तुला हे पत्र लिहिते ते आधी वहीत कच्चं लिहिते, मंग पक्कं करून टपालात टाकते. चारही पत्रं त्या शंभर पानी वहीत हायेत. जे पान काढून टाकलं होतं, ते पण घडी घालून आत ठेवलंय. उद्या सकाळच्या गाडीनं ही वही घेऊन मी भोकरदनला जाणार, भूषणच्या वकिलाकडं. हे पाचवं पत्र पण त्यातच. काल वहीचं सांगितलं तेव्हा वकील म्हणाला होता, बाई, हे दिलं तर तुमच्यावर केस होईल. मी म्हणलं, होऊ द्या. तो कोर्टाला अर्ज करणार, मला बोलवा म्हणून. मंग मी न्यायाधीशबाईंपुढं उभी राहून सगळं सांगणार, आन् माही साक्ष गावातल्या लोकांनी येऊन ऐकावी म्हणून सरपंचाला पण सांगून आले.

तुला मीच अंगाखांद्यावर वाढवलं. आई रानात असायची तेव्हा तू माह्याच कडेवर असायचास. सारी संध्याकाळ मी ती वही मांडीवर घेऊन बसले होते. जिथं जिथं चोरीत तू हायेस, तिथं पेन्सिलीनं खूण केली. एकोणीस ठिकाणी. खोडरबर अक्षताच्या कंपासात होतं, पेनाचं खोडायला ब्लेड पण होतं. एवढं खोडलं असतं तर सगळं माह्या एकटीच्या अंगावर आलं असतं आन् तू चाकणला सुखानं राह्यला असतास. मला ते करावं वाटलं. अजून वाटतंय.

पण मंग परत एक नाव दडवून दुसरं पुढं केल्यासारखं झालं असतं, आन् ते मी एकदा केलंय.

तुहं नाव मी खोडलेलं न्हाई.

आक्का